बेरी

लोणी कढवून तूप गाळून घेतलं की पातेल्याच्या बुडाशी तपकिरी, रवाळ गाळ राहतो. ती बेरी. ज्या घरात अजून साय साठवली जाते तिथे हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. तूप बरणीत जातं, बरणी फडताळात जाते आणि बेरी पातेल्यातच राहते. मग कुणीतरी त्यात चमचाभर साखर घालून ती खरवडून खातं, नाहीतर त्याच पातेल्यात कणीक मळली जाते. आमच्या घरी हे 'कुणीतरी' म्हणजे अम्मी आणि आम्ही पोरं. अब्बांच्या ताटात बेरी वाढलेली मी कधी पाहिली नाही. पाहुण्यांपुढे तर ती ठेवायचीच नसे.

गेल्या काही वर्षांत कुकीजच्या दुनियेत ज्या प्रकाराचं फार कौतुक चालू आहे, तो या बेरीवरच उभा आहे. ब्राउन बटर चॉकलेट कुकीज. श्रीवर्धनला, माझ्या माहेरी, माझी भाभी त्या भाजते आणि विकते. त्या उत्तम असतात, हे मी नणंद असूनही सांगते. पण आज लिहायला बसले ते फक्त चवीसाठी नाही. त्या घरात या कुकीजचा हिशेब कुणी नीट मांडलेला नाही आणि मला तो मांडून बघायचा आहे.

भाचीने मोबाईलवर पहिल्यांदा तो व्हिडिओ लावला तेव्हा मी तिथेच होते. एक गोरी बाई पसरट भांड्यात लोणी वितळवते, फेस येतो, ती भांडं गोल फिरवत राहते, तळाशी तपकिरी कण दिसायला लागतात आणि ती डोळे मिटून वास घेते. फ्रेंच लोक याला हेझलनटचं लोणी म्हणतात, कारण भाजलेल्या हेझलनटसारखा वास येतो, असंही तिने सांगितलं. भाभी भाकऱ्या थापत होती. तिने मान वळवून पाहिलं आणि म्हणाली, "ही गाळायला विसरली."

खरंच, फरक जवळपास तेवढाच आहे. बाजारच्या लोण्यात साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो, १५-१६ टक्के पाणी आणि उरलेल्यात दुधाची प्रथिनं, थोडी दुधातली साखर, मीठ. भांड्यात पाणी आहे तोवर आच कितीही मोठी करा, लोणी १०० अंशांच्या फारसं वर जात नाही. पाणी उडून गेलं की तापमान झपाट्याने चढतं आणि प्रथिनं व साखर एकमेकांशी भिडून तपकिरी होतात. पावाची साल, भाजलेली कॉफी, मटणासाठी लाल परतलेला कांदा, या सगळ्यांचा रंग आणि वास बराचसा याच क्रियेतून येतो. लुई कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली तिचं वर्णन केलं, म्हणून तिला त्याचं नाव मिळालं. तूप कढवणारी बाई कण तांबूस होताच गॅस बंद करते आणि गाळते. कुकीजवाली आणखी थोडं थांबते आणि गाळत नाही.

'हे तर आमच्याकडे आधीपासूनच होतं' असं म्हणून छाती फुगवायची मला अजिबात हौस नाही. बेरी घातलेलं बिस्किट आमच्या घरात कधीच नव्हतं. आम्ही तूप जपलं आणि गाळ पोरांना दिला. त्यांनी गाळ ठेवला आणि त्याला नाव दिलं. वाकबगारी मात्र दोन्हीकडे सारखीच लागते. कुठल्या क्षणी उतरवायचं ते कळायला हवं, कारण बेरी तांबूस असते तेव्हापासून ती जळून कडू होईपर्यंत मध्ये जेमतेम अर्धं मिनिट असतं.

हे अम्मीला कळायचं, आणि तेही रोजा असताना.

आम्ही कोकणी मुसलमान शाफई. रोजात रांधणाऱ्याला गरज पडली तर जिभेच्या टोकावर चव घेऊन थुंकून टाकायची मुभा आहे, फक्त घशाखाली काही जाता कामा नये. अम्मी ती मुभा घेत नसे. इफ्तारचं मीठ ती वासावरून सांगायची, असं आम्ही म्हणायचो. मिठाला कुठला वास? पण तिचं मीठ सहसा चुकत नसे. ईदसाठी लागणारं तूप ती रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत, जोहरची नमाज झाल्यावर कढवायची. त्या वेळी घर सुस्त पडलेलं असे आणि स्वयंपाकघरात तेवढाच आवाज. आधी लोणी खदखदतं, पागोळ्या जोरात पडाव्यात तसं. मग आवाज बारीक होतो, चरचर राहते. पाणी संपत आलं की तीही थांबते आणि वर साबणासारखा बारीक फेस येतो. त्या शांततेनंतर वास. अम्मी पलीकडच्या खोलीत तस्बीह घेऊन बसलेली असायची आणि तिथून म्हणायची, "आता गप झालं. उतरव." मी धावत जायचे. फेस बाजूला करून बघावं तर तळ नेमका तांबूस झालेला.

उतरवताना ती त्यात विड्याचं पान टाकायची. आमच्या वाडीत सुपारीवर नागवेल चढवलेली होती, त्यामुळे पान विकत आणावं लागत नसे. ते कुरकुरीत तळलेलं पान कुणी खायचं यावरून माझी आणि भाईची भांडणं होत. रोजा असला तर ते इफ्तारपर्यंत वाटीखाली झाकून ठेवायचं आणि दोघांनीही वाटीवर नजर ठेवायची.

ते तूप जायचं नानकटाईत. आमची भाजण्याची सगळी परंपरा म्हणजे ती एक नानकटाई, आणि तीही घरी भाजली जात नसे. घरी ओव्हन कुणाकडे होता? ईदच्या आधीच्या आठवड्यात अम्मी परातीत तूप आणि पिठीसाखर तळहाताने फेसायची, पार पांढरं होईस्तोवर. मग मैदा, थोडं बेसन, थोडा रवा, वेलची, जायफळ. किलोकिलोच्या हिशेबाने घरचं तूप पुरणार कुठून? म्हणून निम्मा डालडा. (हा डालडा १९३७ पासून आपल्या स्वयंपाकघरांत आहे. त्याच्यासारख्या वनस्पती तुपांतल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा यायला २०२२ साल उजाडलं. आम्ही मधल्या वर्षांतली पोरं.) गोळे पत्र्यांवर मांडून पत्रे बेकरीत न्यायचे. पावाची भट्टी पहाटे फार तापलेली असते, नानकटाईला ती आच सोसत नाही. म्हणून पाव निघून गेल्यावर, भट्टी निवत आली की मोहल्ल्यातल्या घरांचे नंबर. प्रत्येक पत्र्यावर नावाची चिठ्ठी आणि चिठ्ठी उडू नये म्हणून तिच्यावर एक गोळा. बेकरीतली माणसं उत्तर प्रदेशातली, तीही रोजात, घामाने निथळत लांब फळीवरून पत्रे आत सरकवायची. आम्ही पोरं दाराशी उभी, आपली नानकटाई दुसऱ्याच्या डब्यात जाऊ नये म्हणून. बायका मात्र बेकरीत येत नसत. पीठ मळायचं त्यांनी, पत्रे न्यायचे पोरांनी आणि पैसे द्यायचे अब्बांनी.

कुकी नावाची वस्तू घरात यायची ती कुवेतहून, निळ्या डब्यातून. डेन्मार्कची बटर कुकीज. आखातात माणूस असलेल्या कोकणातल्या बहुतेक घरांत तो गोल पत्र्याचा डबा आहे आणि त्यात आता सुया-दोरे आहेत. आत कागदाच्या द्रोणात ठेवलेली वर्तुळं, चौकोन, वर साखरेचे दाणे. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं तेव्हा लाखाहून जास्त हिंदुस्थानी माणसं विमानांनी परत आली. अब्बा त्यांच्यात होते. त्या वर्षी डबा आला नाही.

पुढे भाईही कुवेतला गेला आणि २०१८ साली कायमचा परतला, वाडी बघायची म्हणून. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. आमची वाडी मोठी नाही, पण दोन पिढ्यांचं घर तिच्यावर चाललं होतं. मग २०२० आलं. २५ मेची ईद टाळेबंदीत गेली. नमाज घरात, गळाभेट नाही आणि बेकरीत पत्रे न्यायचा प्रश्नच नव्हता. नऊ दिवसांनी, ३ जूनला, निसर्ग वादळ आलं. ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं आणि श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड सगळं त्याच्या तडाख्यात सापडलं. मी पनवेलला होते. संध्याकाळपासून फोन लागेना. तिसऱ्या दिवशी भाईचा आवाज ऐकला. छपराचं त्याने सांगितलं नाही, घरातलं पाणीही नाही. म्हणाला, "वाडी झोपली."

आंब्याची फांदी मोडली तर झाड जगतं, पुन्हा फुटतं. सुपारीला, नारळाला एकच शेंडा असतो. तो मोडला की झाड संपलं. नवीन रोप लावून पहिला घड बघायला पाच-सहा वर्षं जातात, चांगलं पीक त्याच्याही नंतर. भाईने २०२१ च्या पावसाळ्यात रोपं लावली.

वीज आमच्या भागात आठवडेच्या आठवडे नव्हती. बेकरी मात्र लाकडांवर चालणारी, तिला विजेचं काय! पडलेल्या आंब्याफणसाची लाकडं ढिगांनी होती. पाव मिळत राहिला. त्या दिवसांत भाभीने बेकरीवाल्यांशी स्वतः जाऊन बोलणं केलं आणि रोज एक पत्रा नानकटाई भट्टीत लावायला सुरुवात केली. आमच्या घरातली बेकरीच्या दारात गेलेली पहिली बाई ती. मदतीला आलेली माणसं, पंचनामे करणारे, विजेचे खांब उभे करणारे, सगळे चहाबरोबर ती घेत. पुढे वीज आली, भाभीने स्वतःचा सोन्याचा एक तुकडा मोडून ओटीजी घेतला, आणि भाचीच्या त्या व्हिडिओमुळे नानकटाईच्या जोडीला कुकी आली.

आता कृती सांगते, कारण ती विचारणारे निरोप मला येतात आणि भाभीची हरकत नाही. "कृतीने कुठे होतंय," असं ती म्हणते.

२०० ग्रॅम मिठाचं लोणी, आपलं नेहमीचं पिवळं, जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात घ्यायचं. काळं नॉनस्टिक नको, त्यात बेरीचा रंग दिसत नाही. वितळलं की त्यात एक मोठा चमचा दुधाची पावडर. बाजारच्या लोण्यात बेरी कमीच निघते, पावडरीने ती वाढते. ही युक्ती भाभीला कुणी सांगितली मला माहीत नाही. मध्यम आचेवर ढवळत राहायचं, आवाज गप होऊन फेस आला की नाक पुढे करायचं, आणि तळ अक्रोडाच्या सालीच्या रंगाचा दिसला की लगेच दुसऱ्या गार भांड्यात ओतायचं, बेरीसकट, खरवडून. पातेल्यातच ठेवलं तर पातेल्याच्या उष्णतेनेच ती जळते. २०० ग्रॅमचे आता १६५ च्या आसपास उरतात. निवल्यावर त्यात १२० ग्रॅम गुळाची पावडर आणि ८० ग्रॅम साखर, एक अख्खं अंडं आणि एक जास्तीचं पिवळं, हे सगळं फेटायचं. २२० ग्रॅम मैदा, अर्धा छोटा चमचा खाण्याचा सोडा, किसलेलं जायफळ. वेगळं मीठ नको. शेवटी १८० ग्रॅम काळं चॉकलेट सुरीने कापून, काही तुकडे मोठे, काही चुरा. गोळा रात्रभर फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी लिंबाएवढे गोळे, १७० अंश, बारा मिनिटं. मधला भाग कच्चा वाटतो तेव्हाच बाहेर काढायच्या आणि पत्र्यावरच निवू द्यायच्या.

व्हॅनिला ती घालत नाही. अर्कामध्ये अल्कोहोल असतं, ते चालतं की नाही यावर उलमांची मतं वेगवेगळी आहेत, आणि गिऱ्हाइकाला प्रत्येक वेळी मतं समजावत बसण्यापेक्षा जायफळ बरं. मला विचाराल तर बेरीशी जायफळच जमतं.

चॉकलेटच्या बाबतीत ती कंजुषी करत नाही. तालुक्याच्या दुकानात मिळतं ते बहुतेक कम्पाउंड, म्हणजे कोकोच्या लोण्याऐवजी दुसरी वनस्पती चरबी घातलेलं. ते तोंडात मेणासारखं राहतं. ती खरं चॉकलेट मुंबईहून मागवते. यावरून मला एक गोष्ट सांगाविशी वाटते. सुपारीच्या सावलीत कोको छान येतो. कर्नाटक-केरळमधल्या सुपारीवाल्यांनी १९७३ मध्ये मंगळूरला कॅम्पको ही सहकारी संस्था काढली, सुपारीला भाव मिळावा म्हणून. पुढे आंतरपीक म्हणून लावलेल्या कोकोचा भाव पडला तेव्हा त्याच संस्थेने तो खरेदी केला आणि १९८६ मध्ये पुत्तूरला स्वतःचा चॉकलेट कारखाना उभारला. सुपारीवाल्यांचा चॉकलेट कारखाना! भाईला मी हे सांगितलं तेव्हा त्याला ते फार आवडलं. नव्या वाडीत कोकोची चार रोपं लावून बघू म्हणाला. आपल्या घरात सुपारीच्या जागी चॉकलेट आधीच उभं आहे, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

त्याचा हिशेब असा. अर्ध्या किलोचा डबा ४५० रुपये. त्यातले निम्मे सामान, वीज, डबा यांत जातात. गेल्या वर्षी ईद ३१ मार्चला होती, त्या एका रमजानमध्ये ६४ डबे गेले, म्हणजे १४ हजार ४०० रुपये हातात. दिवाळीला जवळपास तेवढेच. एरवी महिन्याला पंधरा-वीस डबे. भाभीची वही मी पाहिली आहे, भाचीच्या शाळेच्या उरलेल्या वहीत ती लिहिते. वाडीतून वादळानंतर जे आलं ते वाचलेल्या थोड्या झाडांचं, आणि ते रोपं, खत, मजुरीत परत गेलं. भाचीच्या कॉलेजच्या फॉर्मवर मात्र उत्पन्नाचं साधन 'बागायत' आणि आईपुढे 'गृहिणी'. भाईच्या हातचं अक्षर.

मी त्याला विचारलं. "भाई, घर कशावर चालतंय?"

"वाडीवर," तो म्हणाला. जरा थांबून, "बिस्किटांचं काय, ते तिचे तिचे पैसे आहेत."

माझा भाऊ वाईट माणूस नाही. डबे स्कूटरवर बांधून म्हसळ्याला, बोर्लीला पोचवतो. बाजारात कुणी चेष्टा केली तर हसून सोडून देतो. आणि 'तिचे तिचे पैसे' म्हणाला त्यात शरियतच्या दृष्टीने काहीच खोटं नाही. बाईची कमाई बाईची, कुरआनात सूरह निसामध्ये पुरुषांच्या कमाईत त्यांचा वाटा आणि बायकांच्या कमाईत त्यांचा वाटा असं स्पष्ट आहे. घरखर्चाची जबाबदारी नवऱ्याची, बायको श्रीमंत असली तरी. जुम्याच्या बयानात हजरत खदीजांच्या व्यापाराचा उल्लेखही अभिमानाने होतो, फक्त त्या बयानानंतर मोहल्ल्यातल्या कुठल्या खदीजेने काय विकलं याची चौकशी होत नाही. भाई 'घर वाडीवर चालतं' म्हणतो तेव्हा तो खरं तर सांगत असतो की माझी जबाबदारी मी टाकलेली नाही. ती त्याची इज्जत आहे आणि झोपलेल्या वाडीबरोबर तिचाही बराच भाग गेला. हे मला कळतं. पण फी कुणी भरली ते फॉर्मवर नाही, आणि भाची तो फॉर्म वाचून मोठी होते आहे.

मला वाटलं होतं, भाभी माझ्या बाजूची असेल. ती म्हणाली, "मोजू नका, दीदी. मोजलं की मागतील."

यावर मी दोन दिवस गप्प होते. तिच्या हातात फीचे पैसे आहेत कारण घराने त्यांना पैसे मानलेलं नाही. उद्या ते उत्पन्न ठरलं तर छपराचे पत्रे, दीराचं लग्न, वाडीचं खत, सगळ्यांचा त्यावर हक्क उभा राहील, आणि शरियत तिच्या बाजूने असली तरी नको म्हणायला तोंड तिचंच लागेल. अम्मीनेही बेरीवर कधी हक्क सांगितला नव्हता. ती पातेलं घासायच्या निमित्ताने ते उचलून आत न्यायची, एवढंच.

तरी भाभीचं पूर्ण पटत नाही मला. ओटीजीची एक कांडी जळली, नवा मोठा ओव्हन हवा, आणि त्यासाठी कर्ज मागायचं तर धंदा कागदावर दाखवावा लागतो. गृहिणीला कोण देणार? हे तिलाही दिसत होतं, कारण २०२३ मध्ये तिने अन्नसुरक्षेची नोंदणी केली. बारा लाखांच्या आत उलाढाल असलेल्या घरगुती धंद्याला तेव्हा नुसती नोंदणी पुरत होती, फी वर्षाला १०० रुपये. भाई म्हणाला, वीजबिल माझ्या नावावर आहे, अर्ज माझ्याच नावाने टाकू, सोपं पडेल. त्यावर भाभी ठाम राहिली. मालक म्हणून तिचं नाव. तो कागद भिंतीवर नाही. मिक्सरच्या वरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे, दार उघडणाऱ्यालाच दिसेल असा, आणि ते दार त्या घरात तीच उघडते.

गिऱ्हाइकं निम्म्याहून जास्त मोहल्ल्याबाहेरची आहेत. त्यांच्यासाठी अंड्याशिवायच्या वेगळ्या होतात, अंड्याऐवजी चार चमचे घट्ट दही. त्या जरा फुगीर होतात, पसरत नाहीत, आणि बेरीचा वास त्यांत उलट जास्त कळतो. मध्ये कुणाकडून काय घ्यावं नि कुणाकडून घेऊ नये असे निरोप मोबाईलवर फिरले. त्या महिन्यात दोन घरांच्या ऑर्डरी आल्या नाहीत. पुढे एक सुरू झाली, एक नाही. भाभीने त्यावर काही म्हटलेलं मी ऐकलं नाही. वहीत त्या घराचं पान तसंच आहे, खोडलेलं नाही.

पावसाळ्यात ती काम थांबवते. आमच्याकडच्या जूनच्या हवेत कुरकुरीत कड दोन तासांत नरम पडते, झाकण कितीही घट्ट असो. निळ्या डब्यातले सुया-दोरे काढून तोही वापरून झाला. पुन्हा सुरुवात होते ती गौरीगणपतीच्या सुमाराला, पाऊस अधूनमधून उघडीप देतो तेव्हा. गेल्या वर्षी मी तिथे असताना पहिली ऑर्डर घेऊन पलीकडच्या आळीतल्या काकू स्वतः आल्या. माहेरवाशिणी येणार होत्या. तीन डबे अंड्याशिवायचे, प्रत्येकावर नाव घालून. मग त्यांनी मागे वळून रस्ता पाहिला आणि आवाज खाली आणला. "आणि एक अंड्याचा. तो मी मागच्या दाराने नेईन."

भाभीने वहीत चार डबे लिहिले. चौथ्यापुढे नाव घातलं नाही.